उजेड कुठे पडायला हवा

श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि सुरतजवळच्या हाजिऱ्याहून ओडिशातील पारादीपकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ नागपुरात एकमेकांना भेटतात. त्यामुळे देशाच्या चारही दिशांची मालवाहतूक या शहराच्या कडेने रात्रभर चालू असते. मोटारसायकलस्वाराला या वाहतुकीतून वाट काढण्यावाचून पर्याय नाही, कारण ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. अमरावतीला जायचे तर कोंढाळी-तळेगावचा जुना रस्ता, जबलपूरकडे जायचे तर मनसर-देवलापार, आणि उमरेड, काटोल, भंडारा तर नेहमीचेच. या रस्त्यांवर रात्री एकाच पट्ट्यात सगळे असते: भरधाव ट्रक, मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, कापसाच्या हंगामात बैलगाड्या आणि शेतातून अचानक वर येणारे रोही किंवा रानडुक्कर. म्हणून अनेकजण गाडीच्या लेगगार्डवर दोन जादा एलईडी दिवे बसवून घेतात. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही त्यांना सरसकट ‘फॉग लाइट’ म्हणतात, मग त्यांचा धुक्याशी संबंध असो वा नसो. या दिव्यांची गरज खरी आहे. मात्र विकत घेताना विचारला जातो तो प्रश्न बहुधा किती वॅटचा एवढाच असतो. दिव्याचा झोत रस्त्याच्या कोणत्या भागावर पडेल आणि तो केव्हा विझेल, यावर स्वाराचा आणि समोरच्याचा जीव अवलंबून आहे. वॅटचा क्रमांक त्यानंतरचा.

आधी गरज किती आहे ते पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. अडथळा दिसल्यापासून हात-पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात २५ मीटर गेले. कोरड्या डांबरावर बऱ्यापैकी जोरात ब्रेक लावला तरी थांबायला आणखी २३ मीटर लागतात. म्हणजे एकूण ४८ मीटर. वेग ८० असेल तर हाच हिशेब ७४ मीटरवर जातो. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांना वर्षानुवर्षे ३५ वॅटचा हॅलोजन बल्ब मिळत आला. डिपरवर असताना त्याचा कामाचा उजेड जेमतेम चाळीस-पन्नास मीटर पोचतो, तोही काच स्वच्छ असली तर. पांढरा सदरा घातलेला माणूस एवढ्या अंतरावरून दिसेलही, पण मातीने माखलेली, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली दिसेलच असे नाही. ताशी साठच्या पुढे डिपरवर चालणारा स्वार त्यामुळे जे अजून दिसलेलेच नाही, त्यावर विश्वास टाकून चाललेला असतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यातली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हे सगळे मृत्यू अंधारामुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. पण केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांत नोंदलेले दिसतात, आणि वर्षाचा मोठा काळ हे तास तिन्हीसांजेचे आणि काळोखाचे असतात.

मग जास्त वॅट घेऊन प्रश्न सुटत नाही का? इथे भौतिकशास्त्राचा एक जुना नियम आडवा येतो. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की पृष्ठभागावर पडणारा उजेड एकचतुर्थांश होतो. म्हणजे ५० मीटरवर मिळणारा उजेड १०० मीटरवर हवा असेल तर त्याच आकाराच्या झोताला चौपट ताकद लागेल. एलईडीने ताकद स्वस्त केली, हे खरेच. निळी एलईडी बनवणारे आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन आजची पांढरी एलईडी तयार होते. हॅलोजन बल्ब एका वॅटमध्ये जेवढा प्रकाश देतो, त्याच्या चार-पाच पट प्रकाश चांगली एलईडी देते. पण स्वस्त उजेडाचा मोह असा की तो सगळीकडे सांडला जातो. गाडीच्या पुढच्या दहा मीटरवर लखलखाट झाला की डोळा त्या लखलखाटाशी जुळवून घेतो आणि पलीकडचा अंधार आणखी गडद होतो. स्वाराला वाटते, केवढे स्पष्ट दिसते आहे! प्रत्यक्षात त्याला फक्त ते दहा मीटर दिसत असतात, आणि ताशी साठच्या वेगाने ते अर्ध्या सेकंदाच्या थोडे पुढे संपतात.

जादा दिव्याने करायचे काम हेडलाइटपेक्षा वेगळे असले पाहिजे. हेडलाइट सरळ पुढे पाहतो, त्याला कमी दिसते ती रस्त्याची कड. विदर्भातल्या रस्त्यांवर धोका बहुतेक वेळा कडेनेच येतो. चितळ किंवा रोही यांच्या डोळ्यांत, पडद्यामागे, प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे त्यांचे डोळे लांबूनच चमकतात आणि स्वार सावध होतो. रानडुकराच्या डोळ्यांत तो थर नसतो. अंग काळपट, उंची कमी, डोळे चमकत नाहीत. त्यामुळे ते दिसते तेव्हा बहुधा डांबरावर आलेले असते. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी रस्त्याखालून प्रशस्त वाटा बांधल्या आहेत आणि प्राणी त्या वापरतातही. उमरेड किंवा काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या बहुतेक भागाला मात्र अशी सोय नाही. तिथे साइडपट्टी आणि तिच्यापलीकडचे दोन-तीन मीटर गवत उजळवणारा रुंद, बसका झोत उपयोगाचा. तो दिवा हेडलाइटपेक्षा खाली, लेगगार्डवर किंवा इंजिनाच्या बाजूला बसवला की आणखी एक फायदा मिळतो. डोळा वर आणि दिवा खाली असल्यामुळे रस्त्यावरच्या उंचवट्यांच्या सावल्या लांब पडतात आणि त्या डोळ्याला दिसतात. ७० सेंटीमीटर उंचीवरचा दिवा वीस मीटरवरच्या पाच सेंटीमीटरच्या उंचवट्यामागे जवळपास दीड मीटर सावली टाकतो. खड्ड्याची कड, डांबराची पायरी, सांडलेली खडी हे सगळे या सावल्यांमुळे लक्षात येते. दिवा डोळ्याच्या जितका जवळ, तितका रस्ता सपाट भासतो. म्हणून हँडलच्या वर, आरशाच्या दांडीला बसवलेले दिवे दिसायला रुबाबदार असले तरी रस्ता वाचायला कमी मदत करतात.

खाली आणि एकमेकांपासून दूर बसवलेल्या दिव्यांचा दुसरा उपयोग समोरच्याला होतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो. त्यामुळे दुचाकी दिसते, पण तिचा वेग किती हे रात्री कळत नाही, कारण काळोखातल्या एकाच ठिपक्याचा आकार जवळ येताना फारसा वाढल्यासारखा वाटत नाही. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच तपासले. उजेड कमी होत गेला तसा एका दिव्याच्या मोटारसायकलच्या वेगाचा लोकांचा अंदाज बिघडत गेला. हेडलाइटच्या जोडीला आणखी दोन दिवे लावून त्रिकोण केला, तेव्हा तो सुधारला. तीन ठिपके एकमेकांपासून दूर सरकताना दिसतात, आणि गाडी किती वेगाने येते आहे हे डोळा त्या सरकण्यावरून ओळखतो. चौकात वळू पाहणारा कारचालक ‘अजून लांब आहे’ असे समजून गाडी आडवी घालतो, त्या चुकीवर हा उपाय आहे. आणि त्यासाठी प्रखर दिवे लागत नाहीत. मंद असलेले दोन दिवेही त्रिकोण करतात.

प्रखरतेचे दुसरे टोक म्हणजे दिपणे. डोळ्यात शिरलेला तीव्र प्रकाश आतल्या आत विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर धूसर पडदा पसरतो. दिवा निघून गेल्यावरही डोळा पूर्ववत व्हायला काही सेकंद जातात. वय वाढते तसा हा त्रास वाढतो, कारण साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोचतो, आणि जो पोचतो तो जास्त विखुरलेला असतो. समोरून येणाऱ्या ट्रकचा चालक साठीचा असू शकतो, आणि त्याचा ट्रक आपल्याच दिशेने येत असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम म्हणूनच सांगतो की समोरच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा किंवा चालकाला तो तसा वळवता यावा. तो इतका खाली हवा की दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला दिपवू शकणार नाही. नियमाचा हेतू चोख आहे, पण त्यातले मोजमाप पुरेसे नाही. ७० सेंटीमीटर उंचीच्या दिव्यापासून ८ मीटरवरचा तो बिंदू जवळपास सहा अंश वर येतो. कारचालकाचा डोळा मात्र ५० मीटर अंतरावर, सुमारे ११५ सेंटीमीटर उंचीवर असतो, म्हणजे दिव्यापासून अवघा अर्धा अंश वर. थेट समोर रोखलेला अरुंद झोत आठ मीटरच्या कसोटीला उतरूनही पन्नास मीटरवर सरळ डोळ्यात जाऊ शकतो. समोरची गाडी दिपते ती बहुतेक वेळा याच अंतरावर. म्हणून दिवा बसवणाऱ्याने आठ मीटरवर समाधान मानू नये.

झोत किती खाली ठेवायचा याचे गणित अवघड नाही. दिवा ७० सेंटीमीटर उंच असेल आणि झोताची वरची कड ३५ मीटरवर रस्त्याला टेकावी असे ठरवले, तर दर मीटरला दोन सेंटीमीटर उतार हवा. सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी केली तर वरची कड भिंतीवर ५५ सेंटीमीटरला यायला हवी. एवढे अनेक मेकॅनिक करूनही देतात, पण गाडी स्टँडवर किंवा रिकामी असताना. इथे एक मोठी गफलत दडलेली आहे. मोटारसायकलच्या दोन चाकांमधले अंतर साधारण १.४ मीटर असते. मागे माणूस बसला, डब्यात सामान भरले आणि गाडीचे मागचे टोक पुढच्यापेक्षा फक्त चार सेंटीमीटर जास्त दबले, की पुढचा भाग दर मीटरला जवळपास तीन सेंटीमीटर वर उचलला जातो. मेहनतीने दिलेला दोन सेंटीमीटरचा उतार पुसला जातो आणि झोत उलट दर मीटरला जवळपास एक सेंटीमीटर वर चढू लागतो. ५० मीटरवर तो ११०-११५ सेंटीमीटर उंचीला, म्हणजे नेमका समोरच्या कारचालकाच्या डोळ्यात जातो. दिवाळीला बायको-मुलाला घेऊन गावी निघालेला स्वार दिवा न बदलता, काहीही चूक न करता सगळ्या रस्त्याला दिपवत जातो आणि त्याला कल्पनाही नसते. लेगगार्डला सतत बसणाऱ्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होऊन कोन हळूहळू सरकतो तो वेगळाच. दिव्याच्या क्लॅम्पला लॉकनट लावणे आणि महिन्या-दोन महिन्यांनी पाना फिरवून पाहणे ही किरकोळ कामे नाहीत.

याला नेहमीचे उत्तर असे येते: समोरचा डिपर देतच नाही, मग आपणच का द्यावा? जोरदार झोत मारल्याशिवाय ट्रकवाले वठणीवर येत नाहीत. या तक्रारीत तथ्य आहे, आणि रात्री अमरावती रोडवर गाडी चालवणाऱ्या कोणालाही ती पटेल. पण हिशेब करून पाहा. दोन्ही गाड्या ताशी ७० ने येत असतील तर त्यांच्यातले अंतर सेकंदाला ३९ मीटरने घटते. दीडशे मीटरवर असताना दोघांनी एकमेकांना आंधळे केले, तर पुढचे चार सेकंद बारा-पंधरा टनांच्या ट्रकचा एक चालक आणि दीडशे किलोच्या गाडीवरचा दुसरा, असे दोघेही न पाहता एकमेकांकडे येतात. यात कोणाचे जास्त नुकसान होईल हे सांगायला नको. शिवाय सूड म्हणून मारलेला अप्पर समोरच्याला आपल्यामागून येणारी सायकल किंवा पायी चालणारा माणूसही दिसू देत नाही. अशा वेळी कामाला येते ती रस्त्याची डावी कड. नजर पांढऱ्या पट्टीवर ठेवावी, वेग उतरवावा आणि रुंद, बसक्या दिव्याने ती कड उजळलेली असावी. समोरच्याच्या बेपर्वाईवर नेमस्त बसवलेला जादा दिवाच उपाय ठरतो. वर तोंड केलेल्या दिव्याने बेपर्वाई दोन्ही बाजूंनी होते.

म्हणूनच वायरिंगचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. लांब पल्ल्याचा अरुंद झोत असलेला दिवा हेडलाइटच्या अप्परशी जोडलेला असावा, म्हणजे अंगठ्याने डिपर दिला की तोही त्याच क्षणी विझतो. चार सेकंदांच्या अवधीत ग्लोव्ह घातलेला अंगठा दोन निरनिराळे स्विच शोधू शकत नाही. तो एकच शोधतो आणि दुसरा दिवा जळत राहतो. रुंद, खाली वळलेल्या दिव्याला मात्र स्वतंत्र स्विच चालेल. विजेचे गणितही करून घ्यावे. प्रत्येकी २० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ३.३ अँपिअर. एवढा प्रवाह हँडलवरच्या बारीक स्विचमधून न नेता रिलेतून न्यावा, बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज टाकावा आणि वायर कंपनीच्या हार्नेसला कापून जोडू नये. आजच्या बीएस-६ गाड्यांत इंजिनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते, आणि कापलेली एक वायर वॉरंटीही घालवते आणि पावसाळ्यात गाडीही बंद पाडते. ‘एलईडीला कुठे वीज लागते’ हे अर्धसत्य आहे. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची वीजनिर्मिती तिच्या मूळ दिव्यांच्या बेताने ठरवलेली असते. सिग्नलला इंजिन मंद फिरत असताना ती आणखी घटते आणि जादा दिवे थेट बॅटरी खातात. पावडर कोटिंग केलेल्या लेगगार्डच्या भरवशावर अर्थिंग सोडणे हेही चुकीचे. अर्थची वायर वेगळी ओढावी.

आता धुके. डिसेंबर-जानेवारीत कन्हान आणि वैनगंगेच्या काठाने पहाटे जाणाऱ्याला ते भेटते, आणि उमरेडच्या कोळसा वाहतुकीच्या रस्त्यावर धूळ जवळपास तेच काम करते. पिवळा दिवा धुके भेदतो, अशी समजूत आहे. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या लांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्यामुळे ते निळा आणि पिवळा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात, म्हणून भेदण्याच्या बाबतीत रंगाने विशेष फरक पडत नाही. फ्रान्समध्ये १९३६ च्या कायद्याने आलेले पिवळे हेडलाइट १९९३ पर्यंत सक्तीचे होते, नंतर सक्ती उठली. पिवळ्याचा फायदा एवढाच की निळसर पांढऱ्यापेक्षा तो डोळ्याला कमी खुपतो, आणि तेवढ्यासाठी तो घ्यायला हरकत नाही. धुक्यात खरा फरक पडतो तो दिव्याच्या उंचीने आणि झोताच्या धारदार वरच्या कडेने. झोत खालून, डोळ्याच्या रेषेपासून दूर गेला तर परतून येणारा पांढरा पडदा विरळ होतो. बाजारातल्या स्वस्त दिव्यांना वरची कड अशी नसतेच, प्रकाश गोल ठिपक्यासारखा वर-खाली सारखाच पसरतो. विकत घेताना दुकानातच दिवा भिंतीवर पाडून ही कड पाहावी. डब्यावर छापलेल्या वॅटपेक्षा ही परीक्षा जास्त सांगते.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे: दिवे कशाला, सावकाश चालवा. ताशी ५० ला थांबायचे अंतर ३७ मीटरच आहे आणि तेवढे डिपरवर दिसते. जास्त दिसले की माणूस जास्त पळवतो, हेही खोटे नाही. फिनलंडमध्ये संशोधक कालबर्ग यांनी १९९३ साली मांडलेला निष्कर्ष या बाबतीत डोळे उघडणारा आहे. ताशी ८० ची मर्यादा असलेल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर कडेला रिफ्लेक्टर लावलेले खांब उभे केले. रस्ता रात्री स्पष्ट दिसू लागला, चालकांनी वेग वाढवला आणि अंधारातले जखमी करणारे अपघात कमी होण्याऐवजी वाढले. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तरीही मी दिव्यांच्या बाजूने आहे. पन्नासच्या वेगातसुद्धा कडेने येणारे रानडुक्कर हेडलाइटला दिसत नाही, आणि त्रिकोणाचा फायदा तर वेग कितीही असो मिळतोच. अट एकच: दिव्याने मिळालेले जादा मीटर थांबण्यासाठी राखून ठेवायचे. दिवे बसवण्याआधी आपण त्या रस्त्यावर रात्री ज्या वेगाने जात होतो, तोच वेग नंतरही ठेवला तरच हा खर्च सार्थकी लागला.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन काटेकोरपणे लागू केले. जादा दिव्याची नोंद आरसीत नसते, म्हणून तो बदलच नव्हे, असा युक्तिवाद केला जातो. रस्त्यावर थांबवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे तो टिकेलच याची खात्री नाही, आणि झोत डोळ्यात जात असेल तर टिकूही नये. कंपनीने स्वतः अधिकृत ॲक्सेसरी म्हणून दिलेले दिवे मिळत असतील तर तेच घ्यावेत. शहरात वर्धा रोडवर, सीताबर्डीत किंवा सदरमध्ये पथदिव्यांच्या उजेडात या दिव्यांना काही काम नाही. तिथे ते बंद असावेत, शक्य तर त्यांच्यावर झाकण असावे.

तेव्हा दिवे बसवून झाल्यावर मेकॅनिकला पैसे देण्यापूर्वी एवढे करा. टायरमध्ये हवा नेमकी भरा, मागे ज्याला बसवून नेहमी जाता त्याला बसवा, सामान असेल तर ते बांधा, स्टँड काढून स्वतः सीटवर बसा आणि भिंतीपासून साडेसात मीटरवर दिवे लावा. वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा पंधरा सेंटीमीटर खाली आली तरच बोल्ट आवळून घ्या.